पाच होकार आणि एक मे

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या मोठीकडे पाच कॉलेजांचे होकार जमा झाले. आयोवातलं ग्रिनेल, मिनेसोटातली कार्लटन आणि मकॅलेस्टर, ओहायोतली ओबर्लिन आणि केनयन. कळवायची मुदत १ मे. पाचही लहान, म्हणजे पावणेदोन हजारांपासून तीन हजारांच्या आत विद्यार्थी. पाचही निवासी. भर सगळा पदवीच्या शिक्षणावर, त्यामुळे वर्ग संशोधक विद्यार्थ्यांवर सोपवलेले नसतात, प्राध्यापक स्वतः शिकवतात. माहितीपत्रकं वाचायला घेतली तर एकातली वाक्यं दुसऱ्यात घातली तरी फरक कळू नये.

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. ओळखीतल्या मराठी घरांतली मुलं बहुतेक अर्बाना-शॅम्पेनला, राज्याच्या विद्यापीठात जातात, आणि ती वाट चांगलीच आहे. पण आमच्या लेकीला वनस्पतिशास्त्र हवं होतं, इतिहासही सोडायचा नव्हता, आणि तीनशे मुलांच्या वर्गात ती तोंड उघडणार नाही हे आम्हाला ठाऊक होतं. पुढे धाकट्याच्या वेळी आणि पुण्याच्या भाच्याच्या वेळी तेच प्रश्न पुन्हा आले. त्या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं. या कॉलेजांमधला खरा फरक दर्जाचा फारसा नसतो, काम करण्याच्या रीतीचा असतो. आपल्या मुलाची रीत कुठल्या रीतीशी जुळते ते शोधायचं, आणि ते माहितीपत्रकात सापडत नाही.

१. क्रमवारी एकदा बघावी आणि मिटून ठेवावी.

यू. एस. न्यूजच्या यादीत या गटातल्या कॉलेजांना जे गुण मिळतात, त्यातला मोठा वाटा इतर कॉलेजांच्या अध्यक्षांना आणि अधिष्ठात्यांना विचारलेल्या मताचा असतो. त्यातल्या किती जणांनी दुसऱ्या राज्यातल्या कॉलेजात वर्ग भरलेला पाहिला असेल? नवव्या आणि एकोणिसाव्या क्रमांकातल्या फरकावरून आपल्या मुलीचं दुसरं वर्ष कसं जाईल ते समजत नाही. नातेवाईक मात्र तोच आकडा विचारतात. त्यांना मी सांगायची की इंटेलचे एक संस्थापक रॉबर्ट नॉइस ग्रिनेलचे, १९४९ सालचे. १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं ते थॉमस चेकही तिथलेच. आणि कोफी अन्नान मकॅलेस्टरचे. पदवीधरांच्या संख्येच्या मानाने पुढे पीएच.डी.पर्यंत किती जातात हे पाहिलं, तर कार्लटन, ग्रिनेल, रीड, स्वार्थमोर ही छोटी नावं कायम वरच्या रांगेत असतात. एवढ्यावर फोनवरचा विषय संपायचा.

२. कॉलेजचं वर्ष कसं कापलेलं आहे ते आधी बघा.

याला मी सगळ्यात जास्त वजन देते आणि याची चौकशी सगळ्यात कमी होते. कार्लटनमध्ये वर्षाच्या तीन टर्म असतात, प्रत्येक सुमारे दहा आठवड्यांची, आणि एका टर्मला साधारण तीनच विषय. थँक्सगिव्हिंगच्या आधी पहिली टर्म संपते आणि जानेवारीपर्यंत लांबलचक सुट्टी. ग्रिनेल, मकॅलेस्टर, केनयन आणि ओबर्लिनला सेमिस्टर, साधारण चार विषय. ओबर्लिनला शिवाय जानेवारीत हिवाळी सत्र, त्यात एकच काही तरी मनासारखं करायचं. आणखी टोकाला कोलोरॅडो कॉलेज: तिथे साडेतीन आठवडे एकच विषय, तो संपला की दुसरा.

कागदावर हे वेळापत्रकाचे तपशील वाटतात. प्रत्यक्षात मूल कसं शिकतं त्याच्याशी याचा थेट संबंध आहे. दहा आठवड्यांच्या टर्ममध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पहिली परीक्षा येते. फ्लूने आठवडाभर झोपलात तर टर्मचा दहावा हिस्सा गेला. ज्या मुलांना विषयात पटकन उडी घेता येते, तीन गोष्टींवर सगळं लक्ष लावायला आवडतं, त्यांना ही पद्धत फार मानवते. आमचा धाकटा तसा आहे. मोठीचं तसं नाही. ती नवीन विषयाभोवती दोन-तीन आठवडे फिरत राहते, टिपणं काढते, मग एक दिवस तिला तो उलगडतो. तिला पंधरा आठवड्यांचं सेमिस्टरच हवं होतं. हे तिच्या आधी मला दिसलं, कारण दहावीपासून तिचा अभ्यास मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाहत आले होते. पालकांना कॉलेजांची माहिती नसते, पण मुलाच्या अभ्यासाच्या तऱ्हेची असते. ती इथे वापरावी.

३. विषयांची यादी वाचू नका. गेल्या दोन वर्षांची वेळापत्रकं वाचा.

प्रत्येक कॉलेजची विषयसूची भरगच्च असते. पण ज्या विभागात सगळे मिळून सात-आठ प्राध्यापक, तिथे सूचीतला प्रत्येक विषय दरवर्षी शिकवला जाणं शक्यच नसतं. काही एक वर्षाआड येतात, काही तीन वर्षांतून एकदा. शिवाय दर काही वर्षांनी प्राध्यापक संशोधनासाठी वर्षभराच्या रजेवर जातात. मोठ्या विद्यापीठात त्यांच्या जागी दुसरं कोणी उभं राहतं. लहान कॉलेजात कधी कधी तो विषय त्या वर्षी होतच नाही.

प्रत्येक सत्रात प्रत्यक्ष काय शिकवलं गेलं, कोणी शिकवलं, जागा किती होत्या, हे बहुतेक कॉलेजांच्या संकेतस्थळावर सापडतं. एका शनिवारी लेकीने आणि मी ते उतरवून काढलं. एका कॉलेजात वनस्पतींशी संबंधित विषय सूचीत छान दिसत होते, पण दोन वर्षांत त्यातला एकच झाला होता आणि शिकवणारे पाहुणे प्राध्यापक होते, पुढच्या वर्षी असतीलच असं नाही. दुसरीकडे सूची साधी, पण परिसंस्थाशास्त्राचा विषय दरवर्षी, आणि शिकवणाऱ्या कायम नेमणुकीवर. आमची यादी तिथेच आखडली.

जागेचाही विचार झाला. ग्रिनेलकडे कॉलेजपासून थोड्या अंतरावर ३६५ एकरांचं कोनार्ड संशोधन क्षेत्र आहे. तिथे प्रेअरी, म्हणजे आयोवाचं मूळचं उंच गवताचं रान, पुन्हा उभं केलेलं आहे आणि ते टिकावं म्हणून ठरवून जाळलंही जातं. कार्लटनच्या अंगाला तर आठशेहून जास्त एकरांचं वनोद्यान लागलेलंच आहे. वनस्पती शिकणाऱ्या मुलीसाठी प्रयोगशाळेच्या फोटोंपेक्षा ही माहिती जास्त मोलाची.

४. सल्लागार कोण आणि किती दिवसांचा, हे विचारा.

ग्रिनेलमध्ये मेजरच्या, म्हणजे मुख्य विषयाच्या, बाहेर सगळ्यांना सक्तीचा असा एकच विषय आहे: पहिल्या सत्रातलं ट्यूटोरियल. डझनभर मुलं, एक प्राध्यापक, आणि वाचन-लेखनावर भर. तोच प्राध्यापक मेजर ठरेपर्यंत तुमचा सल्लागार. बाकी चार वर्षांत काय घ्यायचं ते तुम्ही आणि सल्लागाराने बसून ठरवायचं. मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्टची रीत जवळपास अशीच. इतर बहुतेक ठिकाणी विज्ञान, भाषा, कला अशा गटांतून ठरावीक विषय घ्यावेच लागतात.

माझ्या नवऱ्याला ही मोकळीक पटली नव्हती. तो इंजिनिअरिंगचा, अभ्यासक्रम आखून दिलेला असावा, नाहीतर मुलं सोपं तेवढंच घेतील, असं त्याचं म्हणणं. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. मोकळीक तेव्हाच कामाची, जेव्हा समोर बसून “हे का घेतेस?” असं विचारणारं माणूस असतं. म्हणून आम्ही प्रत्येक ठिकाणच्या विद्यार्थ्यांना एकच विचारलं: तुमच्या सल्लागाराशी शेवटचं बोलणं कधी झालं आणि कशावर? ज्यांनी काल-परवाचा प्रसंग सांगितला, त्यांच्या कॉलेजाला आमच्याकडून एक खूण.

५. भेट साध्या दिवशी द्या.

निवड झालेल्या मुलांसाठी एप्रिलमध्ये स्वागताचे दिवस असतात. तेव्हा ऊन पडलेलं असतं, तंबू लागलेले असतात, जेवण वेगळं असतं. त्याला जायला हरकत नाही. पण जमल्यास एखाद्या मंगळवारी-बुधवारी, वर्ग चालू असताना, थंडीतच जाऊन यावं. प्रवेश कार्यालयाला आधी कळवलं तर वर्गात बसू देतात.

ग्रिनेलला आम्ही अशा दिवशी गेलो की आयोवाचा वारा गाडीचं दार उघडू देईना. तिथे कॉलेजच्या मधून रेल्वेचा रूळ जातो; मालगाडी आली की मुलं हातात पुस्तकं घेऊन उभी राहतात, गाडी गेली की पलीकडे जातात. लेक वर्गात बसली, तोवर मी विज्ञानाच्या इमारतीत मजले फिरले. भिंतींवर संशोधनाचे तक्ते होते आणि बहुतेकांवर विद्यार्थ्यांची नावं पहिली, प्राध्यापकांचं शेवटी. एका दारावर कागद चिकटवलेला: प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळा, पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन, आणि जवळजवळ प्रत्येक चौकोनात कोणीतरी पेनाने नाव लिहिलेलं. शुक्रवारच्या दुपारचेसुद्धा भरलेले. एका चौकोनात दोन नावं होती आणि मध्ये बेरजेचं चिन्ह. तो कागद मी बराच वेळ वाचत उभी राहिले. दारं बघायची सवय मला तेव्हापासून लागली. भाच्यासाठी दुसऱ्या एका कॉलेजात गेले तर तिथे दारांवर वेळा छापलेल्या होत्या, छान चौकटीत, पण नाव कुणाचंच नव्हतं.

६. पैशाचं पत्र मोठ्या माणसांनी बसून वाचावं.

या कॉलेजांचा राहण्या-जेवणासकट छापील खर्च आता वर्षाला ८०,००० डॉलरच्या पुढे गेला आहे. इलिनॉयच्या रहिवाशाला राज्याच्या विद्यापीठात लागतो त्याच्या जवळपास दुप्पट किंवा त्याहूनही जास्त. हा आकडा पाहूनच बरीच मराठी घरं मागे फिरतात. तिथे थांबू नये. प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर आपला खर्च किती येईल ते काढणारं गणकयंत्र असणं २०११ पासून कायद्याने सक्तीचं आहे. अर्ज करण्याआधीच ते भरून बघावं. आमच्यासारख्या दोघांच्या पगारावरच्या घरालाही काही कॉलेजांत मदत बसते, आणि काही ठिकाणी एक पैसा मिळत नाही.

गरजेवर दिलेली मदत वेगळी आणि गुणवत्तेवर दिलेली वेगळी. ग्रिनेल, ओबर्लिन, केनयन, मकॅलेस्टर गुणवत्तेवरही स्कॉलरशिप देतात. कार्लटनचा जवळजवळ सगळा पैसा गरजेकडे जातो. ॲमहर्स्ट आणि विल्यम्स गुणवत्तेची स्कॉलरशिप देतच नाहीत. मधल्या उत्पन्नाच्या घराने हा फरक अर्ज करण्याआधीच लक्षात घ्यावा.

होकारासोबत आलेल्या मदतीच्या पत्रात काही वेळा स्कॉलरशिप, सरकारी लोन आणि कॅम्पसवरच्या नोकरीची अंदाजे कमाई, तिन्ही एकाच बेरजेत घातलेली असतात. आमच्याकडे आलेल्या एका पत्रात तसंच होतं. वरचा आकडा पाहून घरात आनंद झाला, आणि लोन व नोकरी वजा केल्यावर तेच कॉलेज पाचांत सगळ्यात महाग निघालं. वहीत पाच रकाने काढा आणि फक्त परत न करायचा पैसा धरा. मग तो चौथ्या वर्षापर्यंत तेवढाच राहणार का, किती गुण राखावे लागतील, आणि दरवर्षी फी वाढली तर मदत वाढते का, हे ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्या. २०२४-२५ पासून फाफ्साच्या, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जाच्या, हिशेबात एकाच वेळी कॉलेजात असलेल्या भावंडांची सवलत गेली आहे. सीएसएस प्रोफाइल नावाचा वेगळा अर्ज मागणारी काही कॉलेजं मात्र अजून ती धरतात. दोन मुलांमध्ये तीन-चार वर्षांहून कमी अंतर असेल तर हा मुद्दा हजारो डॉलरचा ठरतो.

दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून फेरविचाराची विनंती करता येते. आपल्या लोकांना त्यात भीक मागितल्यासारखं वाटतं. तसं मुळीच नाही. त्या कार्यालयाचं ते रोजचं काम आहे. आम्ही नम्रपणे लिहिलं, एका ठिकाणी रक्कम वाढली, एका ठिकाणी नाही म्हणाले.

७. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा.

ही सगळी कॉलेजं कुठल्या ना कुठल्या चर्चच्या लोकांनी उभी केली. केनयन १८२४ मध्ये एपिस्कोपल बिशपने, ग्रिनेल १८४६ मध्ये आणि कार्लटन १८६६ मध्ये काँग्रिगेशनल पंथीयांनी. आमच्या नात्यात काहींना त्याची धास्ती वाटली. आज तिथे प्रार्थनेची सक्ती नाही, सगळ्या धर्मांची मुलं आहेत, हे सांगून झालं तरी कुजबुज होतीच.

माझे वडील नगरचे. त्यांना धास्ती वाटण्याचं कारणच नव्हतं. १८१३ मध्ये मुंबईत आलेले गॉर्डन हॉल याच काँग्रिगेशनल मंडळींच्या मिशनने पाठवलेले, त्यातूनच अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. १८३१ मध्ये त्याचं काम नगरला सुरू झालं, तिथे १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघालं. पुढे त्याच परंपरेत वाढलेल्या डॉ. भा. पां. हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर कॉलेज काढलं, आणि बाबा तिथे शिकले. फोनवर त्यांनी मला एकच विचारलं, “तिथले मास्तर वर्ग सुटल्यावर भेटतात का गं?” त्यांना स्वतःला भेटलेले एक मास्तर ऐंशीच्या घरातही आठवतात, संध्याकाळी घरी बोलावून इंग्रजी निबंध दुरुस्त करून द्यायचे. आम्ही पुढे जिथे जिथे गेलो तिथे हा प्रश्न विचारला, आणि दारावरच्या कागदाचा अर्थ मला कळला तो त्यामुळेच.

८. गाव किती लहान सोसेल, ते मुलाने ठरवावं.

केनयनचं गॅम्बिअर म्हणजे टेकडीवरचं खेडं, मधून एक रुंद पायवाट, दोन-चार दुकानं. मकॅलेस्टर सेंट पॉल शहरात. बाहेर पडलं की बस, उपाहारगृहं, किराणा. ओबर्लिनमध्ये विद्यार्थी स्वतः चालवतात अशा खानावळी आहेत, तिथे मुलं पाळीने सगळ्यांचा स्वयंपाक करतात. शाकाहारी मुलांची चांगली सोय होते. शिवाय कॉलेजच्या कलासंग्रहालयातली मूळ चित्रं नाममात्र भाड्याने सत्रभर खोलीत लावायला मिळतात, १९४० च्या दशकापासून. लेकीला ते फार आवडलं होतं. मलाही.

९. भारतातून येणाऱ्यांनी हे जास्तीचं बघावं.

पुण्याच्या भाच्याच्या वेळी समजलेल्या गोष्टी इथे एकत्र देते. परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज न बघता निवड करणारी कॉलेजं मोजकी. लहान कॉलेजांत ॲमहर्स्ट आणि बोडन त्यांत येतात. बाकीच्या ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यता कमी होते, पण मागायची असेल तर अर्जाच्या वेळीच मागावी. आधी नको म्हणून प्रवेश घेतला तर पुढे बऱ्याच ठिकाणी मिळत नाही. अर्ली डिसिजन बंधनकारक असतं, तेव्हा पैशाचं गणित पक्कं असल्याशिवाय तिकडे जाऊ नये. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. पदवीनंतर १२ महिने कामाची परवानगी, आणि विषय विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सरकारी यादीत असेल तर आणखी २४ महिन्यांसाठी अर्ज करता येतो. अर्थशास्त्र घेणाऱ्यांनी आपल्या कॉलेजने त्या मेजरला कोणता संकेतांक दिला आहे ते विचारून घ्यावं. काही ठिकाणी तो यादीत बसतो, काही ठिकाणी नाही, आणि पदवीचं नाव दोन्हीकडे तेच असतं.

आणि डिसेंबरच्या सुट्टीत वसतिगृह, जेवणाची सोय चालू राहते का? भाच्याच्या आईने, माझ्या नणंदेने, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला होता.

१०. कॉलेजची तब्येत बघा.

न्यूयॉर्क राज्यातलं वेल्स कॉलेज आणि अलाबामातलं बर्मिंगहॅम-सदर्न, दोन्ही २०२४ मध्ये बंद झाली. व्हरमाँटचं मार्लबरो त्याआधीच, २०२० मध्ये. लहान कॉलेजांवर कठीण दिवस आहेत. अठरा वर्षांची मुलंच कमी होत चालली आहेत. ज्यांच्याकडे मोठा निधी आहे त्यांना चिंता नाही. बाकी ठिकाणी पहिल्या वर्षाच्या मुलांची संख्या घटते आहे का, विभाग बंद होत आहेत का, हे पाच वर्षं मागे जाऊन पाहावं. कॉमन डेटा सेट नावाचा तक्ता बहुतेक कॉलेजं दरवर्षी प्रसिद्ध करतात. पहिल्या वर्षानंतर किती मुलं परत आली तेही त्यात असतं.

११. ठरलं की लगेच कळवा.

शेवटी ग्रिनेल आणि कार्लटन उरली. नवऱ्याचा ओढा कार्लटनकडे होता. लेकीने आम्हाला दोघांना बसवलं आणि सेमिस्टर, ट्यूटोरियल, गवताचं रान, दरवर्षी होणारा तो विषय, असं एकेक सांगितलं. एवढं सलग ती घरात क्वचित बोलली असेल. नवऱ्याने एक-दोन प्रश्न विचारले, तिला उत्तरं देता आली, आणि त्याने अनामत रक्कम भरायला आपलं कार्ड काढून दिलं.

बाकीच्या चार कॉलेजांना तिने त्याच संध्याकाळी नकार कळवला, एक मेची वाट न पाहता. हे सगळ्यांनी करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. लहान कॉलेजात पहिल्या वर्षाच्या जागा चार-पाचशे ते सात-आठशे. प्रतीक्षायादीवरची मुलं दुसरीकडे पैसे भरावेत की थांबावं या विचारात बसलेली असतात, आणि परत आलेली मदतीची रक्कमही काही ठिकाणी त्यांच्यातल्याच कुणाला तरी देता येते. कॉलेजच्या पोर्टलवर नकाराचं बटण असतं, कारण विचारतात ते दोन ओळींत लिहावं, आणि भेटीच्या वेळी ज्या प्राध्यापकांनी वेळ दिला त्यांना वेगळी ईमेल करावी. लेकीने केली होती. ओहायोतल्या एका बाईंचं उत्तर तासाभरात आलं. त्यांनी कोनार्डच्या रानावर काम करणाऱ्या आपल्या एका ओळखीच्या संशोधिकेचं नाव कळवलं होतं, आणि आल्या आल्या तिला जाऊन भेट असं लिहिलं होतं.